सतरा वर्षांचे सिकाडा: पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

अमेरिकेच्या पूर्व भागात राहायला आलेल्या मराठी माणसाला कधी ना कधी एखादा शेजारी सांगतोच, ‘या मे महिन्यात आपल्याकडे सिकाडा निघणार.’ सिकाडा म्हणजे तेरा किंवा सतरा वर्षं जमिनीखाली वाढून एकदम लाखोंनी बाहेर पडणारे किडे. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरायला लागतात. झाडाच्या बुंध्यावर लाल डोळ्यांचे शेकडो किडे, फुटपाथवर कातींचा खच. कुणी फवारणीवाल्याचा नंबर मागतं, कुणी मागच्या अंगणात ठरवलेली मुंज घाईघाईने हॉलमध्ये हलवतं. मुंजीचं नंतर बघू. फवारणीवाल्याला मात्र फोन करू नका, हे आधीच सांगून टाकतो.

सिकाडा पाहायचे तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात: वर्ष, झाड आणि रात्र. वर्ष सगळे विचारतात, कारण ते सोपं आहे. झाडाबद्दल कुणी विचारत नाही, आणि मग दोनशे मैल गाडी हाकून गेलेली मंडळी चकचकीत नव्या वसाहतीत उभी राहून ‘कुठे आहेत किडे?’ म्हणतात.

१. हाच तो किडा का, हे ओळखा

काळं कुळकुळीत अंग, लालभडक डोळे, पारदर्शक पंखांत नारिंगी शिरा, लांबी साधारण इंच-सव्वा इंच. दिसण्याचा काळ एप्रिलच्या अखेरीपासून जूनपर्यंत. एवढं जुळलं तर तो ‘मॅजिसिकाडा’, म्हणजे ठरावीक वर्षांनी येणारा सिकाडा. जुलै-ऑगस्टच्या दुपारी ओरडणारा, अंगाने मोठा आणि हिरवट दिसणारा सिकाडा वेगळा. तो दरवर्षी थोडाथोडा येतो आणि त्याच्यासाठी कुणी रजा काढत नाही. आपल्याकडे वळवाच्या आधी सह्याद्रीतलं रान दणाणून सोडणारे सिकाडा याच कुळातले, पण तेही दरवर्षीचेच.

मॅजिसिकाडाच्या सात जाती आहेत. तीन सतरा वर्षांनी बाहेर पडतात, चार तेरा वर्षांनी. सातही जाती फक्त अमेरिकेच्या पूर्वार्धात. ढोबळमानाने उत्तरेकडे सतरावाले आणि दक्षिणेकडे तेरावाले. कॅलिफोर्नियात किंवा सिॲटलला राहणाऱ्यांनी अंगणात वाट पाहत बसू नये, त्यांना प्रवासच करावा लागेल. भारतातल्या वाचकांना मात्र एक जवळची सोय आहे. मेघालयातल्या री-भोई जिल्ह्यात दर चार वर्षांनी मे महिन्यात निघणारा सिकाडा आहे. स्थानिक लोक त्याला नियांगतासेर म्हणतात. २०१०, २०१४, २०१८, २०२२ हा त्याचा क्रम, म्हणजे नेमकी फुटबॉल विश्वचषकाची वर्षं. त्याची शास्त्रीय नोंद २०१३ साली झाली. गावकरी त्याला त्याच्याही कितीतरी आधीपासून ओळखतात आणि रात्री मशाली घेऊन गोळा करून खातात.

मॅजिसिकाडा सतरा वर्षं झोपून काढतो, असा सर्रास समज आहे. तसं काही नसतं. तांदळाच्या दाण्याहूनही लहान असं पिल्लू जमिनीत शिरतं आणि मुळांतून वर चढणारा पाणचट रस पीत बसतं. या रसात पोषण फारच थोडं. जे कमी पडतं ते पोटातले जिवाणू तयार करून देतात, तरीही वाढ रखडत होते. जमिनीखाली पिल्लू एकेक कात टाकत पाच अवस्थांमधून जातं, आणि शेवटच्या अवस्थेत पोचल्यावरही बरोबरीच्या सगळ्यांची वेळ येईपर्यंत थांबून राहतं. वर्षं ते मोजतं कशी? याचा एक पुरावा २००० साली प्रसिद्ध झाला. रिचर्ड कार्बन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिल्लं पीचच्या झाडांच्या मुळांवर सोडली आणि त्या झाडांना एका वर्षात दोनदा बहर यायला लावलं. पिल्लं एक वर्ष आधी बाहेर आली. म्हणजे त्यांचा हिशेब झाडाच्या बहरांवर चालतो, उन्हाळे-हिवाळे त्यांना थेट कळत नाहीत. चुकलेला हिशेबही अधूनमधून दिसतो, त्याबद्दल शेवटी.

२. आपलं वर्ष शोधा

एका भागातले, एकाच वर्षी निघणारे सगळे सिकाडा मिळून एक ‘ब्रूड’ होतो. १८९८ साली चार्ल्स मार्लट या कीटकशास्त्रज्ञाने ब्रूडना क्रमांक दिले. सतरावाल्यांना एक ते सतरा, तेरावाल्यांना अठरा ते तीस. नकाशांवर हे आकडे रोमन लिपीत असतात, त्यामुळे ‘ब्रूड एक्स’ ऐकलं की दहा समजायचं. सगळ्या क्रमांकांत सिकाडा नाहीत. आज सतरावाल्यांचे बारा आणि तेरावाल्यांचे तीन असे पंधरा ब्रूड उरले आहेत.

पुढची वर्षं अशी. २०२६ रिकामं. २०२७ मध्ये ब्रूड बावीस, लुइझियाना-मिसिसिपीच्या पट्ट्यात. २०२८ मध्ये तेवीस, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात आर्कान्सा-टेनेसीपासून दक्षिण इलिनॉय-इंडियानापर्यंत. २०२९ मध्ये ब्रूड एक, व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात. २०३० चा ब्रूड दोन मराठी मंडळींना सगळ्यात सोयीचा. एडिसनच्या आसपासचा मध्य न्यू जर्सी, स्टेटन आयलंड, हडसन नदीचं खोरं, कनेक्टिकट आणि खाली व्हर्जिनिया, सगळीकडे कुणाचा ना कुणाचा मावसभाऊ राहतोच. २०३१ मध्ये आयोवा-इलिनॉय-मिसुरी, २०३२ मध्ये कॅन्सस-ओक्लाहोमा आणि टेक्ससचा उत्तर भाग, २०३३ मध्ये पूर्व ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनिया, २०३४ मध्ये पश्चिम नॉर्थ कॅरोलिना आणि उत्तर जॉर्जिया. २०३६ ला पिट्सबर्गकडचे निघतील.

सगळ्यांत गाजणारा ब्रूड दहा २०२१ मध्ये येऊन गेला. वॉशिंग्टन, बाल्टिमोर, फिलाडेल्फियाची उपनगरं, प्रिन्स्टन, सिनसिनाटी, इंडियाना असा त्याचा विस्तार. तो परत येईल २०३८ मध्ये. शिकागोवाल्यांचा ब्रूड तेरा २०२४ मध्ये येऊन गेला, आता २०४१. त्याच वर्षी दक्षिणेकडचा ब्रूड एकोणीसही निघाला होता. सेंट लुइस, नॅशव्हिल, शार्लट या भागांतला हा तेरावाला, त्यामुळे तो २०३७ मध्येच परत येतो. दोन्ही एकाच वर्षी येण्याचा योग याआधी १८०३ मध्ये आला होता आणि पुढे २२४५ मध्ये येईल, कारण तेरा गुणिले सतरा म्हणजे २२१ वर्षं. बातम्यांनी तेव्हा इतका धुरळा उडवला की दोन्ही ब्रूड सगळीकडे एकत्र येणार असं लोकांना वाटलं. प्रत्यक्षात त्यांच्या हद्दी मध्य इलिनॉयमध्ये जेमतेम शिवतात.

ब्रूड चौदा २०२५ मध्ये निघाला. त्याची सगळ्यात जुनी नोंद प्लिमथ वसाहतीतली, १६३४ सालची. तिथून सतराच्या पाढ्याने मोजत आलं की बरोबर २०२५ येतं.

३. आता झाड शोधा

इथे घाई करू नका. नकाशात तुमची काउंटी रंगवलेली असली म्हणून तुमच्या गल्लीत सिकाडा असतील असं नाही. पिल्लं ज्या झाडाखाली जमिनीत शिरली, त्याच झाडाखाली सतरा वर्षांनी बाहेर येतात. मधल्या काळात ते झाड तोडलं, जमीन खणून बंगले बांधले, पार्किंगसाठी डांबर टाकलं, तर तिथली पिल्लं संपली. जिथे सतरा वर्षांपूर्वी मक्याचं शेत होतं आणि आता एकसारखी दोनशे घरं आहेत, तिथे मुळात कधी सिकाडा नव्हतेच. आपल्यातली बरीच मंडळी अशाच वसाहतींत राहतात, म्हणून हे सांगणं भाग आहे. सिकाडा उडतात, पण लांब जात नाहीत. दोन मैलांवरच्या जंगलातून ते तुमच्या अंगणात येतील ही आशा सोडा.

मग शोधायचं काय? पन्नास-साठ वर्षांची झाडं असलेली जुनी वस्ती, जुनी दफनभूमी, कॉलेजचा जुना परिसर, नदीकाठचं जंगल. ओक, मेपल, हिकरी, सफरचंद, सगळं चालतं. पाइन-स्प्रूससारखी सूचिपर्णी झाडं त्यांना फारशी आवडत नाहीत. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे विचारणं. गल्लीत वीस-पंचवीस वर्षं राहिलेल्या आजीबाईंना गाठा आणि मागच्या वेळी कुठे जास्त होते ते विचारा. त्या झाडासकट सांगतील. सिकाडाच्या वर्षी कुणाचं लग्न झालं, कुणाचा पोरगा जन्मला, हे या भागातल्या लोकांच्या पक्कं लक्षात असतं.

वर्ष तुमचं असेल तर मार्च-एप्रिलमध्ये जमीनही सांगायला लागते. झाडाखालचा सपाट दगड किंवा लाकडाचा ओंडका उलटा. खाली बोट जाईल एवढ्या रुंदीची, कडा नीट लिंपलेली गोल भोकं दिसली तर समजा. ओल्या, चिकण मातीत पिल्लं भोकावर चिखलाची दोन-तीन इंच उंच चिमणी उभारतात. दगड उचललात तर होता तसा परत ठेवा. भोकात काडी घालून पाहण्याचा मोह सगळ्यांना होतो, तो आवरा.

सिकाडा कायमचे आहेत असं धरून चालू नये. कनेक्टिकटच्या बाजूचा ब्रूड अकरा १९५४ मध्ये शेवटचा दिसला. फ्लोरिडाकडचा ब्रूड एकवीस त्याच्याही आधी, १८७० नंतर, संपला.

४. रात्र ठरवा

साधारण आठ इंच, म्हणजे २० सेंटिमीटर खोलीवर मातीचं तापमान ६४ फॅरनहाइटला, म्हणजे १८ सेल्सियसला, पोचलं की पिल्लं निघतात. त्यात एखादी उबदार सर पडून गेली तर त्याच संध्याकाळी. बागकामाच्या दुकानात लांब दांडीचा मातीचा थर्मामीटर मिळतो. एक घ्या आणि झाडाच्या सावलीत खुपसा. उन्हातली माती आधी तापते, म्हणून एकाच अंगणात दक्षिणेच्या बाजूचे सिकाडा आठवडाभर आधी निघतात आणि घराच्या सावलीतले मागे राहतात.

दिवस मोजणाऱ्यांसाठी ढोबळ अंदाज: जॉर्जिया-कॅरोलिनात एप्रिलचा शेवट, वॉशिंग्टनजवळ मेचा मध्य, शिकागोला मेचा तिसरा-चौथा आठवडा, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला जूनची सुरुवात. लांबून येणार असाल तर पहिल्याच रात्रीचा हट्ट धरू नका. पहिल्या रात्रीनंतर आठ-दहा दिवसांनी आलात तर गाणंही ऐकायला मिळेल आणि उशिरा निघणारी पिल्लंही दिसतील.

गेल्यावर काय करायचं ते सोपं आहे. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने टॉर्च घेऊन झाडाखाली जा. बंद बूट घाला आणि पाय बघून टाका. आधी गवतात खसखस ऐकू येईल. मग मातकट रंगाची पिल्लं बुंध्याकडे चालत जाताना दिसतील. झाड, कुंपण, गाडीचं चाक, तुमची पँट, उभं जे सापडेल त्यावर ती चढतात. एकच पिल्लू निवडा आणि त्याच्यापाशी थांबा. दहा ठिकाणी टॉर्च फिरवणाऱ्याला काहीच नीट दिसत नाही. ते पक्की पकड घेऊन थांबेल, पाठ उभी फाटेल आणि आतून दुधासारखा पांढरा, लाल डोळ्यांचा, डोक्यामागे दोन काळे ठिपके असलेला जीव उलटा लोंबकळत बाहेर येईल. मग तो वळून आपल्याच कातीला धरतो आणि चुरगळलेले पंख भरायला लागतात. या तासाभरात त्याला हात लावू नका. धक्का लागला तर पंख वाकडे वाळतात आणि तो कधीच उडू शकत नाही. सकाळपर्यंत तो काळा पडलेला असतो. मुलांना हे दाखवायचं असेल तर झोपेची वेळ एक दिवस मोडा. सकाळी उठून कात दाखवण्यात ती गंमत नाही.

आकडाही सांगतो, म्हणजे बुंध्यावर हजार दिसले तर दचकायला नको. चांगल्या जागी एका एकरात पंधरा लाखांपर्यंत सिकाडा निघाल्याची नोंद आहे. इतके एकदम का? पक्षी, खारी, रॅकून, साप, कुत्री, सगळे खाऊन खाऊन थकतात आणि तरीही गावजेवणात उरावं तसं उरतंच. यांच्याकडे दुसरं संरक्षण नाही. चावत नाहीत, डंख मारत नाहीत, पटकन उडतही नाहीत. तेरा आणि सतरा या अविभाज्य संख्या का, यावर मतं पुष्कळ आहेत. दोन-चार वर्षांच्या चक्रात वाढणाऱ्या शत्रूला या वर्षांशी जुळवून घेता येत नाही, हे त्यातलं एक.

५. गाणं ऐका, चुटकी वाजवा

बाहेर पडल्यावर चार-सहा दिवस शांतता असते. मग नर एकत्र येऊन गायला लागतात. गाणं दिवसाचं असतं, ऊन चढलं की जोर धरतं आणि अंधार पडला की थांबतं. रातकिड्यांसारखी झोपमोड होईल या भीतीने कानात घालायचे बोळे घेतले असतील तर ते दुपारसाठी ठेवा. गाणाऱ्या झाडाखाली उभं राहिलं तर आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो. घरून काम करणाऱ्यांनी सकाळच्या मीटिंगा आधी उरकाव्यात.

नीट ऐकलं तर त्या गदारोळात सतरावाल्यांच्या तीन जातींचे आवाज सुटे करता येतात. मोठ्या जातीचा, सेप्टेंडेसिमचा, एकसुरी घुमणारा आवाज शेवटी खाली घसरतो: ‘फऽऽरो’. सगळे मिळून गायले की त्याची दूरवरून येणारी सलग घूं होते. लहान कॅसिनीचा आधी टिकटिक आणि मग फुत्कार. तिसरी, सेप्टेंडेक्युला, विरळ. तिची लयीतली टिकटिक सापडली तर नशीब.

आता गंमत. मादी गात नाही. नराचं गाणं संपल्यावर क्षणभरात ती पंखांची एक चुटकी देते आणि नर त्या दिशेने चालायला लागतो. ही खूण जॉन कूली आणि डेव्हिड मार्शल या संशोधकांनी उलगडली. जवळच्या फांदीवर एकटा गाणारा नर शोधा. ‘फऽऽरो’ मधला ‘रो’ संपला की लगेच बोटांनी हळू चुटकी वाजवा. वेळ साधली तर तो तुमच्या बोटाकडे चालत येतो. मोठी माणसंही यात अर्धा तास सहज घालवतात.

कंपनांचा हाच घोळ यंत्रांशीही होतो. गवत कापायचं मशीन, ड्रिल, करवत यांच्या आवाजाकडे सिकाडा खेचले जातात. अंगावर चाळीस-पन्नास बसतात, करत काही नाहीत, पण माणूस गडबडतो. गवत भल्या सकाळी किंवा संध्याकाळी कापा.

६. घर, बाग, कुत्रा, मुंज

फवारणीचं आधी निकाली काढू. आज मारले तर उद्या शेजारच्या झाडावरून तेवढेच येतात. विष मात्र राहतं, ते पक्ष्यांच्या आणि मधमाश्यांच्या पोटात जातं. मेरिलंडच्या बेंजामिन बॅनेकरने हा धडा १७४९ मध्येच घेतला होता. हा कृष्णवर्णीय शेतकरी पुढे खगोलगणितासाठी नावाजला गेला. सतरा वर्षांचा असताना त्याने पहिल्यांदा सिकाडा पाहिले, आता पिकं जाणार आणि दुष्काळ पडणार असं समजून मारायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात हे श्रम फुकट आहेत म्हणून सोडून दिली. त्याने १७६६ आणि १७८३ चीही नोंद केली आणि पुढचे १८०० मध्ये येतील असं लिहून ठेवलं. ब्रूड दहाचा हिशेब आजही त्याच्याशी जुळतो.

सिकाडा पानं कुरतडत नाहीत. तुळस, मेथी, टोमॅटो, गुलाब बिनधास्त राहू द्या. खरा प्रश्न अंडी घालण्याचा. मादी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीला चिरा पाडते आणि प्रत्येक चिरेत वीस-पंचवीस अंडी ठेवते. सगळी मिळून पाचशेच्या आसपास. मोठ्या झाडाला याचं काही वाटत नाही, टोकं वाळतात आणि छाटणी झाल्यासारखं होतं. दोन-तीन वर्षांची रोपं मात्र जायबंदी होऊ शकतात. म्हणून त्या वसंतात नवं फळझाड लावू नका, शरद ऋतूपर्यंत थांबा. लावलेलं असेल तर गाणं सुरू होताच पाव इंच छिद्रांची जाळी घाला आणि बुंध्याशी बांधून टाका. मोठ्या छिद्रांच्या जाळीतून सिकाडा आत जातात आणि वर पक्षी अडकतात. जाळी पाच-सहा आठवडे राहू द्या. हिवाळाभर घरात जपलेला आणि मेमध्ये बाहेर काढलेला कढीपत्ता जाडसर खोडाचा असेल तर त्यालाही याच जाळीखाली घ्या. एवढ्या वर्षांची मेहनत कोण पणाला लावणार!

कुत्र्याने दहा-बारा खाल्ले तर काही होत नाही. पोट भरून खाल्ले तर कडक कवचामुळे ओकाऱ्या होतात. फिरायला नेताना दोरी आखूड ठेवा. कॉपरहेड हे विषारी साप संध्याकाळी झाडाखाली सिकाडा खायला जमतात, म्हणून दक्षिणेकडच्या राज्यांत टॉर्चशिवाय गवतात शिरू नका.

माणसांनी खावेत का? खातात लोक, भाजून, तळून. नुकते कात टाकलेले पांढरे त्यातल्या त्यात मऊ. पण कोलंबी-खेकड्याची ॲलर्जी असेल तर अजिबात नको. सिकाडा त्यांचे नातलगच, आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तसा जाहीर इशाराही दिला होता. रस्त्याकडेच्या किंवा फवारलेल्या बागेतल्या सिकाडांना तर हातही लावू नका.

मुंज किंवा लग्न उघड्यावर असेल तर तारीख बदलायची गरज नाही, जागा बदला. मोठ्या झाडांपासून दूर, संध्याकाळी उशिरा, जेवण झाकलेलं. झाडाखाली मांडव घातलात तर वरून बारीक थेंब पडतात. तो पाऊस नसतो, एवढंच सांगतो. गाडीच्या काचा वर ठेवा. २०२१ च्या जूनमध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांबरोबर जाणाऱ्या पत्रकारांचं विमान सिकाडांमुळे कित्येक तास खोळंबलं होतं, मग तुमच्या गाडीची काय कथा.

७. पांढरी शेपूट दिसली तर

गर्दीत काही सिकाडांचा मागचा भाग गळून पडलेला आणि तिथे खडूसारखा पांढरा गोळा दिसेल. ही मॅसोस्पोरा नावाची बुरशी. जमिनीतून बाहेर येतानाच ती लागते, पोट पोखरते, आणि सिकाडा तसाच उडत-चालत राहतो. बुरशी त्याच्या शरीरात कॅथिनोन नावाचं उत्तेजक रसायन सोडते, हे वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं. बाधित नर मादीसारखी पंखांची चुटकीही देतो, दुसरा नर फसून जवळ येतो आणि त्यालाही बुरशी लागते. बॅनेकरने आपल्या वहीत लिहिलं होतं की यांचा मागचा भाग सडून पडतो तरी हे वेदना नसल्यासारखे गात राहतात. तो बहुधा हेच पाहत होता. माणसाला या बुरशीचा संसर्ग होत नाही. फक्त हे खायचे नाहीत.

८. जूनच्या मध्यानंतर

तीन-चार आठवड्यांत प्रौढ मरतात. झाडाखाली साचलेला ढीग कुजतो आणि वास येतो, तो खरंच घाण असतो. फावड्याने उचलून कंपोस्टमध्ये किंवा वाफ्यात टाका. नायट्रोजनचं असं खत फुकट कुठे मिळणार? प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कचऱ्यात दिलंत तर वास दुप्पट होतो.

जुलैत झाडांची टोकं तपकिरी होऊन लोंबायला लागतात. झाड मेलं म्हणून घाबरू नका. ज्या भागांत पक्ष्यांनी सिकाडांवर ताव मारला तिथे त्या काळात सुरवंटांचं फावतं आणि ओकची पानं जास्त खाल्ली जातात. ब्रूड दहाच्या वेळी वॉशिंग्टनजवळ संशोधकांनी हे मोजलं होतं. पुढच्या वर्षी झाड सावरतं.

सहा ते दहा आठवड्यांनी अंड्यांतून पिल्लं निघतात आणि झाडावरून टपाटप जमिनीवर पडतात. ती इतकी बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत म्हटलं तरी चालेल. याच सुमाराला ओकखाली बसल्यावर मानेवर-खांद्यावर खाज सुटून लाल पुरळ आलं तर डासांना दोष देऊ नका. सिकाडाची अंडी खाणारा एक सूक्ष्म माइट वरून पडतो आणि चावतो. २००७ मध्ये शिकागोकर त्याने हैराण झाले होते. जुलैअखेर ते ऑगस्ट ओकखाली लोळू नका, बागेतून आल्यावर आंघोळ करा, कपडे धुवायला टाका.

झाड तोडायचं मनात असेल तर तेही याच वेळी ठरवून टाका. तोडलंत तर नुकती जमिनीत गेलेली पिल्लं त्याच्याबरोबर जातात. ठेवलंत तर पुढच्या वर्षाची नोंद घराच्या कागदपत्रांत करून ठेवा, घर घेणाऱ्याला उपयोगी पडेल.

शेवटी ते हिशेब चुकलेले. प्रत्येक ब्रूडमधले काही सिकाडा एक वर्ष अलीकडे-पलीकडे निघतात. सतरावाल्यांतले काही चार वर्षं आधीच येतात. २०१७ मध्ये वॉशिंग्टन आणि सिनसिनाटीत ब्रूड दहाचे असेच निघाले होते. त्या हिशेबाने २०३० च्या ब्रूड दोनमधले उतावीळ २०२६ मध्ये न्यू जर्सीत दिसू शकतात. तुमच्या अंगणात, तुमचं वर्ष नसताना, मे महिन्यात लाल डोळ्यांचा एखादा दिसला तर फोटो काढा. सिनसिनाटीच्या माउंट सेंट जोसेफ विद्यापीठातले जीन क्रिट्स्की यांनी ‘सिकाडा सफारी’ नावाचं फुकट ॲप काढलं आहे. फोटोबरोबर जागेची नोंद त्यावर टाकता येते आणि या नोंदींवरूनच ब्रूडचे नकाशे सुधारले जातात. फोटो काढताना डोळ्यांचा रंग आणि पंखांच्या शिरा स्पष्ट येतील एवढं जवळ जा.